बावन्नपैकी सतरा

मला आमवात आहे. सुजलेली बोटं दाखवली की दुखणं लोकांना पटतं, पण थकवा दाखवायचा कुठून? म्हणून डॉक्टरांनी तो मोजायचं ठरवलं. रिसेप्शनवरच्या मुलीने पॅडला लावलेले दोन कागद दिले आणि त्याच सुजलेल्या बोटांत पेन.

पहिला कागद 1989 सालचा, फटीग सिव्हिअरिटी स्केल, म्हणजे थकव्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली. वाक्यं नऊ, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. सरासरी चारला पोचली की थकवा जबर. 'व्यायामाने मला थकवा येतो.'

"कणीक तिंबणं धरायचं का गं यात?"

"काकू, तुम्हाला वाटेल ते लिहा."

मला सगळीकडे सातच वाटत होतं. पण ओळीने नऊ वेळा सात लिहिले तर नाटकी दिसेल, म्हणून मध्ये एक पाच घातला.

दुसरा कागद फॅसिटचा, तीही थकव्याचीच प्रश्नावली. तेरा वाक्यं, प्रत्येकाला 0 ते 4, आणि सगळं गेल्या सात दिवसांबद्दल. इथे पेन अडलं. गेल्या सात दिवसांत आमच्याकडे गौरी येऊन, जेवून, गेल्या होत्या. सोळा भाज्या, पुरण, वर हळदीकुंकू. आता यातला आमवाताचा थकवा किती आणि गौरींचा किती? तसा रकानाच नव्हता.

'थकव्यामुळे मला जेवणंही होत नाही.' मी 3 ला गोल केला. शेजारून सासूबाई वाकल्या. "पूजनाच्या दिवशी दोन पुरणपोळ्या खाल्ल्यास की."

"आई, त्या रात्री साडेदहाला खाल्ल्या. उभ्यानं."

"मग मी नाही दमले? मला कुणी दिला कागद?"

मुलगी गुणी. तिने त्यांनाही एक दिला. सासूबाईंनी चष्मा पुसून, एकेक वाक्य मोठ्याने वाचत, अख्ख्या वेटिंग रूमच्या साक्षीने तो भरला. बेरीज मुलीनेच केली. बावन्नपैकी मला सतरा, त्यांना एक्केचाळीस.

"बघ," त्या म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा चोवीसने जास्त."

पहिल्या कागदावर गुण वाढले की थकवा जास्त. फॅसिटचं उलटं: थकव्याच्या वाक्यांचे गुण उलटे करून बेरीज करतात, म्हणून बेरीज वाढली की थकवा कमी. हे मला माहीत होतं. पण त्यांना ते समजावून सांगायचं म्हणजे निदान अर्धा तास बोलणं आलं.

रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी माझ्या नणंदेला फोन लावला. "अगं, एक्केचाळीस! तरी मी कधी बोलून दाखवते का?"

घर आलं. उतरताना त्यांनी औषधांची आणि भाजीची पिशवी माझ्या हातात दिली.