पॉवर शिअरची मोटर काढली म्हणून ते हँड शिअर होत नाही

फॅब्रिकेशनच्या धंद्यात नवा उतरलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: "जुनं पॉवर शिअर भंगाराच्या भावात उचल, मोटर काढून वीक, फ्लायव्हीलला दांडा वेल्ड कर. 3 मिमी पत्रा हाताने कापशील. थ्री फेजची कटकट नाही, मोटरच नाही म्हणजे धोकाही नाही." यातलं एकेक वाक्य तपासू. पॉवर शिअर म्हणजे मोटरवर चालणारं पत्रा कापायचं मशीन, हँड शिअर म्हणजे तेच काम हाताच्या जोरावर करणारं. उदाहरणाला 1250 मिमी लांबीचं, 3 मिमी क्षमतेचं मेकॅनिकल मशीन घेऊ.

"फ्लायव्हीलला दांडा लावला की झालं." सल्ल्याची खरी चूक इथेच आहे. 3 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पत्रा 1250 मिमी लांब कापायला ढोबळमानाने 1800 ज्यूल लागतात, घर्षण धरून 2700. हे काम मोटर त्या क्षणी करत नाही, फ्लायव्हील, म्हणजे फिरताना ऊर्जा साठवणारं जड चाक, करतं. 700 मिमी व्यासाचं, 200 किलोचं, कडेला जड असलेलं चाक मिनिटाला 300 फेऱ्यांवर 8000 ज्यूलच्या आसपास साठवतं. एका कापात त्यातले 2700 जातात, वेग पाचवा हिस्सा पडतो आणि पुढच्या कापापर्यंत मोटर तो भरून काढते. आता तेच चाक हाताने 30 फेऱ्यांवर फिरवा. वेग दहावा हिस्सा झाला, पण ऊर्जा शंभरावा हिस्सा उरते: 80 ज्यूल. ब्लेड पत्र्यात शिरतं आणि तिथेच अडकतं. मग बीम (वरचं ब्लेड धरणारा, वरखाली होणारा भाग) वर घ्यायला चाक उलटं फिरवावं लागतं आणि तोवर पत्र्याची कड वाया गेलेली असते.

"मग पायाचं पॅडल लावा." 70 किलोचा माणूस पॅडलवर भार देऊन 30 सेंमी खाली आला, की 200 ज्यूल मिळतात. 1250 मिमी लांबीत तेवढ्यात 1 मिमी पत्रा जेमतेम कापला जातो. जाडी दुप्पट झाली की काम चौपट होतं, म्हणून 3 मिमीला नऊपट. स्टेनलेस असेल तर त्यावर आणखी दीडपट धरा. शिवाय पॉवर शिअरचा बीम आणि दाबपट्टीच्या (कापताना पत्रा दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) स्प्रिंगा मोटरच्या हिशेबाने केलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंग दाबण्याचा जोर तुमच्या पायातूनच जातो. तो वाचवायला स्प्रिंगा काढल्या, तर कापताना पत्रा मागून उचलला जातो आणि ब्लेडच्या फटीत वाकून बसतो.

"पातळ पत्रा तरी कापेल ना?" जसंच्या तसं मशीन असेल तर नाही. एमएससाठी दोन ब्लेडमधली फट जाडीच्या 5 ते 7 टक्के लागते. 3 मिमीला 0.15 ते 0.20 मिमी, पण 0.8 मिमीला फक्त 0.04 ते 0.05. जाड पत्र्याला लावलेल्या फटीत पातळ पत्रा कापला न जाता दुमडून खाली ओढला जातो. फट कमी करायची तर आधी गिब (बीमला सरळ सरकवणाऱ्या मार्गातल्या पट्ट्या) घट्ट करा. झिजलेल्या गिबवर बीम कापताना मागे सरकतो, आणि आधी लावलेली 0.05 ची फट त्या वेळी कितीही होऊ शकते. मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) दोन्ही टोकांना आणि मध्ये फट मोजा. ब्लेड मध्येच जास्त झिजलेलं असतं, कारण छोटे तुकडे तिथेच कापले जातात. त्यामुळे टोकांना फट बरोबर आणि मध्ये पत्र्याच्या कडेला बर (धारदार कंगोरा), असं दिसलं की ब्लेडची धार पालटा किंवा ग्राइंडिंगला द्या.

हाताने 3 मिमी कापायचाच असेल, तर रस्ता एकच: वेग सोडा, गिअर वापरा. 1.5 अंश रेकच्या (तिरकसपणाच्या) ब्लेडला सुमारे साडेपाच टन जोर लागतो. बीमचा स्ट्रोक 60 मिमी असेल, तर एक्सेन्ट्रिक शाफ्टवर (बीम वरखाली करणाऱ्या शाफ्टवर) 1650 न्यूटन-मीटर येतात. मशीनचाच 1:6 गिअर ठेवला, तर पिनियन शाफ्टवर (छोट्या गिअरच्या शाफ्टवर) 275. तिथे 1 मीटरचा रॅचेट (एकाच दिशेने फिरवणारा) दांडा बसवला की टोकाला 28 किलो, जुन्या बुशच्या घर्षणासकट 40 किलो. क्लचची की (गिअर आणि शाफ्ट जोडणारी चावी) गुंतलेल्या स्थितीत कायम बांधा, ब्रेकचा पट्टा सैल करा, आणि उलटं फिरू नये म्हणून दुसरा पॉल (दात अडवणारा खटका) फ्रेमवर लावा. एका हेलकाव्यात 60 अंश धरले, तर खाली यायला 18 हेलकावे, त्यातले सात-आठ जोराचे, आणि वर जायला पुन्हा 18. आठवड्यातून चार काप असतील तर परवडतं, दिवसाला चाळीस असतील तर नाही.

"मोटर नाही, धोका नाही." पत्र्याचं शेवटचं टोक तुटताच दांड्यावरचा विरोध एकदम जातो आणि जोर लावणारा तोल जाऊन आपटतो. एक पाय मागे रोवून, दांडा शरीरापासून लांब ठेवूनच ओढा. फिंगर गार्ड काढू नका. ब्लेड बदलताना बीमखाली लाकडी ठोकळे घाला, स्प्रिंगवर भरवसा ठेवू नका.

थ्री फेज नाही, हीच अडचण असेल तर मोटर काढण्याचं कारणच उरत नाही. दर 10 सेकंदांनी एक काप घेतला, तर 2700 ज्यूलला सरासरी 270 वॉट लागतात. 1 एचपीची सिंगल फेज मोटर पुरते. अडचण येते ती फक्त सुरू करताना. जड चाक वेग घ्यायला वीस-पंचवीस सेकंद खातं, तेवढा वेळ स्टार्ट वाइंडिंग (फक्त सुरू करताना लागणारी गुंडाळी) चालू राहिलं तर कपॅसिटर फुटतो किंवा वाइंडिंग जळतं. म्हणून मोटर बिजागरीच्या पाटावर बसवा, पट्टा सैल ठेवून पूर्ण वेग येऊ द्या आणि मग हळूहळू ताणा. आधीची थ्री फेज मोटर चांगली असेल आणि नेमप्लेटवर स्टारला (वाइंडिंगच्या एका जोडणीला) 415 व्होल्ट असेल, तर तिला डेल्टात (दुसऱ्या जोडणीत) जोडून सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) चालवा आणि वेग घेण्याचा वेळ 20 सेकंदांहून कमी ठेवू नका.