सीरम, साय आणि मेडिकलमधली ट्यूब: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया सविस्तर उत्तर मागणारी आहे, म्हणून खाली दोन ओळी लिहून मोकळी होण्याऐवजी वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. त्वचा सोलणारी ॲसिड, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) आणि स्क्रब यांच्या अतिरेकानं ज्यांचा चेहरा साध्या पाण्यानंही चुरचुरायला लागला आहे, त्यांनी ते सगळं थांबवावं आणि बिनवासाचं, मोजक्या घटकांचं, त्वचेला शांत करणारं एकच सीरम (क्रीमपेक्षा पातळ, चेहऱ्याला लावायचं द्रव) निवडावं, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ‘स्किन बॅरियर’ (पाणी आत धरून ठेवणारा त्वचेचा वरचा थर) हे कंपन्यांनी बाटल्या खपवण्यासाठी काढलेलं खूळ आहे. आपल्या आज्या साय आणि डाळीच्या पिठावर निभावत होत्या आणि त्यांचे चेहरे तुकतुकीत होते. आणि 30 मिलिलिटर पाण्यासाठी 600-700 रुपये मोजायला सांगणं हा साध्या घरातल्या बाईवर अन्याय आहे. शेवटी तुम्ही कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या मुलीबद्दल लिहिलंत. स्क्रब आणि ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम वापरून तिचा चेहरा आता कशानंही झोंबतो, आणि मध्यंतरी मैत्रिणीनं सुचवलेली ‘गोरेपणाची ट्यूब’ही तिनं लावली आहे. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्याकडे येतेच.

पाण्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. बहुतेक सीरममध्ये पहिला घटक पाणीच असतो. आणि कुठलंही सीरम बॅरियर ‘दुरुस्त’ करत नाही, ते काम त्वचा स्वतःच करते. वरचा थर खरवडला गेला की खालच्या पेशी काही तासांतच साठवलेली चरबी बाहेर सोडतात आणि नवी तयार करायला लागतात. तरुण, निरोगी त्वचेवर एकदाच झालेली इजा साधारण तीन दिवसांत भरून येते, म्हातारपणी बराच जास्त वेळ लागतो. पण रोज रात्री पुन्हा ॲसिड आणि दर रविवारी पुन्हा स्क्रब, असं चाललं तर ती भरून यायची कधी? म्हणून सीरमकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे. त्यानं आग कमी करावी, पाणी धरून ठेवावं आणि त्वचेच्या कामात अडथळा आणू नये.

बॅरियर हे खूळ मात्र नाही. 1944 साली अमेरिकेत विन्सर आणि बर्च या दोन डॉक्टरांनी मृत माणसाच्या त्वचेचा अगदी वरचा थर सँडपेपरनं घासून काढला, तेव्हा तिच्यातून पाणी भराभर उडून जायला लागलं. शरीरातलं पाणी आत अडवून धरणारा पडदा कुठे आहे, ते त्यातून दिसलं. तेव्हा आजच्यासारखा सीरमचा बाजार नव्हता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचा-संशोधक पीटर एलियास यांनी या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असल्याचं मांडलं: मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधली चरबी म्हणजे चुना. या चरबीत वजनानं जवळपास निम्मा भाग सिरॅमाइड, सुमारे पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असलं की त्वचा कोरडी पडते आणि एक्झिमाचा (खाजऱ्या इसबाचा) धोका वाढतो. ज्या घरात बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या पायांना थंडीत खवले सुटतात, त्या घराला बॅरियर म्हणजे काय हे कुणी विकायला जावं लागत नाही.

कंपन्यांनी या ज्ञानावर गल्ला भरला, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्याच संशोधनात ग्राहकाच्या कामाचं बरंच आहे. एलियास यांच्याच गटानं 1993 मध्ये उंदरांवर पाहिलं की तिन्ही चरब्यांपैकी एक किंवा दोनच लावल्या, तर त्वचा भरून यायला उलट उशीर लागतो. तिन्ही एकत्र लावल्या तर काम नीट होतं. म्हणजे बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘सिरॅमाइड’ लिहिलं असेल, तर मागच्या बारीक अक्षरांत कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडही आहेत का, हे बघायचं. नसतील तर त्या मोठ्या अक्षराचे पैसे देऊ नका.

दुकानात उभं राहून कसं निवडायचं, असं तुम्ही विचारलं आहे. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र कुठल्याही क्रमानं लिहायची मुभा असते. फिनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक जवळजवळ प्रत्येक बाटलीत सापडतं आणि ते 1 टक्क्याहून जास्त घालत नाहीत. त्यामुळे जे त्याच्या नंतर लिहिलं आहे ते 1 टक्का किंवा त्याहून कमीच, असं धरून चाला. सिरॅमाइड थोडं असलं तरी चालतं. पण पॅन्थेनॉलच्या (त्वचेत ओलावा धरणारा, व्हिटॅमिन बी5 च्या घरातला घटक) नावावर विकलेल्या सीरममध्ये पॅन्थेनॉलच शेपटाला असेल, तर ती बाटली परत ठेवा. पॅन्थेनॉल 2 ते 5 टक्के असावं, सोबत भरपूर ग्लिसरीन असावं. ग्लिसरीन स्वस्त आहे म्हणून त्याला कुणी जाहिरातीत घेत नाही, पण काम तेच सर्वांत जास्त करतं. नायसिनमाइडनं, म्हणजे व्हिटॅमिन बी3 च्या एका प्रकारानं, त्वचेतल्या पेशी जास्त सिरॅमाइड तयार करतात, हे 2000 सालापासून माहीत आहे. मात्र त्याला 2 ते 5 टक्के पुरतात. 10 टक्क्यांची बाटली दुखावलेल्या चेहऱ्यावर बऱ्याचदा चरचरते, आणि तरी अनेक जणी नेमकी तीच घेतात.

कोरियन सीरममध्ये ज्याचं इतकं कौतुक असतं ते सेंटेला म्हणजे आपल्याकडे ओलसर बांधावर वाढणारा कारिवणा. त्यातल्या मॅडेकॅसोसाइडसारख्या घटकांनी सूज आणि लाली उतरते. पण बांधावरची पानं वाटून चेहऱ्याला थापणं म्हणजे तो शुद्ध केलेला घटक लावणं नव्हे. त्या पानांची ॲलर्जीही येऊ शकते.

आता काय नसावं. खरं तर निवड इथेच होते. सुगंध नको. लॅव्हेंडर, टी ट्री, संत्र्याच्या सालीचं तेल नको, मग ते कितीही ‘नॅचरल’ असो. यादीत वरच अल्कोहोल दिसलं तर नको. त्वचा सोलणारं कुठलंही ॲसिड नको. हायलुरॉनिक ॲसिड आणि वर सांगितलेली फॅटी ॲसिड चालतील, कारण ती नावापुरती ॲसिड आहेत. व्हिटॅमिन सी चांगलं, पण या काळात नको. ते टिकण्यासाठी सीरम बरंच आम्ल ठेवावं लागतं, आणि सोललेल्या त्वचेला ते सोसत नाही. ज्या बाटलीत वीस वनस्पतींचे अर्क आहेत, तिच्यापेक्षा दहा घटकांची कंटाळवाणी बाटली मी कधीही निवडेन.

आज्यांच्या सायीबद्दल. धडधाकट त्वचेवर साय लावली, दिवाळीत उटणं लावलं, तर माझी काहीच तक्रार नाही. कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमाच्या बियांचं घट्ट तेल लावतात, ते तर उत्तमच. प्रश्न फाटलेल्या त्वचेचा आहे, आणि तिथे स्वयंपाकघर निरुपद्रवी नसतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण लोकप्रिय झाला होता. 2011 मध्ये तो परत मागवावा लागला. तो साबण वापरणाऱ्या 2,000 हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, आणि आयुष्यभर सुखानं खाल्लेला पाव, नूडल्स खाऊन त्यांच्या अंगावर पित्त उठायला लागलं, काहींना श्वास घेणं कठीण झालं. पोटातून आलेलं अन्न शरीर ओळखीचं मानतं, पण तेच दुखावलेल्या त्वचेतून आत शिरलं तर त्याला शत्रू ठरवू शकतं. म्हणून चेहरा झोंबत असताना डाळीचं पीठ, दूध, साय, मध, काहीच नको. बरा झाल्यावर खुशाल लावा.

लिंबू तर कधीच नको, त्वचा बरी असतानाही. आपलं कागदी लिंबू फार आंबट आहे, एवढंच नाही. त्याच्या सालीत आणि रसात असे पदार्थ आहेत जे ऊन लागलं की त्वचा अक्षरशः भाजतात. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलींच्या गालांवर जे काळे ओघळ उमटतात, ते जायला महिने लागतात.

रंगाचा उल्लेख आला म्हणून एक सांगते, कारण परदेशी व्हिडिओ हे कधी सांगत नाहीत. तिकडे बॅरियर बिघडल्याची खूण म्हणजे लाली. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसतच नाही. आपल्याकडे चेहरा ओढल्यासारखा वाटतो, प्लॅस्टिकसारखा चकाकतो, नाकाच्या बाजूला बारीक पापुद्रे सुटतात, रोजची क्रीमसुद्धा चुरचुरते, आणि मग तोंडाभोवती काळवंडतं. ते काळवंडणं घालवायला मुली आणखी जोराचं ॲसिड आणतात. हे बघून मला फार वाईट वाटतं.

आता ट्यूब. आपल्याकडे चेहऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान ना साय करते ना ॲसिड, ते मेडिकलमधून विनाचिठ्ठी मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या मलमांनी होतं. पहिल्या आठवड्यात पुळ्या बसतात, रंग उजळतो, म्हणून ती ट्यूब मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, आणि लावणं बंद केलं की चेहरा पेटतो. मग बाई पुन्हा ट्यूब आणते. भारतीय डॉक्टरांनी 2008 मध्ये या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं स्वतंत्र नाव दिलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांमधल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर ती मागितली की मिळतात. माझ्या नात्यातली एक मुलगी लग्नाआधी अशीच ट्यूब लावत होती आणि घरात सगळे तिच्या रंगाचं कौतुक करत होते. अशा चेहऱ्यावर कुठलंही सीरम सुचवणं हा मला गुन्हा वाटतो.

पैशांबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाहीच. ज्यांचं बजेट 100 रुपये आहे त्यांना सीरमची गरज नाही. पेट्रोलियम जेली 1870 च्या दशकापासून बाजारात आहे. ती लावली की त्वचेतून उडणारं पाणी बरंच कमी होतं. ती नुसती वर बसत नाही, वरच्या थराच्या फटींत उतरते आणि तिच्याखाली त्वचा नीट भरून येते, हे 1992 मध्ये एलियास यांच्याच गटानं दाखवलं. रात्री ओलसर चेहऱ्यावर मुगाच्या दाण्याएवढी पुरते. अडचण आपल्या हवेची आहे. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत मे महिन्यात जेली चेहऱ्याला लावून कुणी झोपू शकत नाही, आणि मुरमं असतील तर ती चिकट जड भावना नकोशी होते. सीरमचा खरा उपयोग मला इथे दिसतो: दमट हवा, तेलकट पण दुखावलेली त्वचा. नागपूर, सोलापूर, लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्यांना मात्र नुसतं सीरम पुरणार नाही. त्यावर साधी क्रीम हवीच, नाहीतर लावलेलं पाणीही उडून जातं.

आणि 700 रुपये खर्च करायचेच असतील, तर आधी बघा की चेहरा धुता कशानं. साबणाचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा; 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) 9-10, त्वचेचा 5 च्या आसपास. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर साबणाचा अंश त्वचेवर जास्त चिकटून राहतो. त्यामुळे सौम्य, बिनफेसाचं क्लेन्झर संध्याकाळी एकदा, आणि सकाळी नुसतं पाणी. हा बदल केल्याशिवाय आणलेलं सीरम वाया जातं.

तुमच्या मुलीसाठी एवढं करा. स्क्रब आणि ग्लायकोलिक आजपासून बंद. क्लेन्झर, साधी बिनवासाची क्रीम, आणि बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, स्कार्फ असेल तर उत्तम. सीरम घ्यायचंच असेल तर आधी आठवडाभर ते कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ लावून बघा. तिथे खाज-पुरळ नाही आलं, तर मग चेहऱ्यावर. निदान चार आठवडे दुसरं काही नवीन लावू देऊ नका. या काळात ती आरशासमोर चिडचिड करेल, तिला सांभाळून घ्या.

पण या सगळ्याच्या आधी ती गोरेपणाची ट्यूब हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं, तर वर लिहिलेलं माझं काही लागू नाही. ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या आणि थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाची पदविका) झालेले डॉक्टर बघा, पार्लर नको. किती दिवस लावली हे तिला खरं सांगू द्या, तिला रागावू नका. घरच्या घरी एकदम बंद केलीत तर चेहरा भडकण्याची शक्यता असते. त्यामुळे कशी सोडवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि ट्यूबवर काय लिहिलं आहे ते मला इथेच कळवा.