काळ्यावर काळा

घराला रंग काढला की येणारा-जाणारा 'वा, काय उजळलंय!' म्हणतो. मी जुन्या लाकडी फिल्म होल्डरना रंग देतो तेव्हा बायको एवढंच विचारते, "आधी कुठला होता?"

"काळा."

"आणि आता?"

पुढे बोलणं होत नाही.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. 4×5 इंचाच्या फिल्मची लाकडी चौकट, मधोमध पत्रा, दोन्ही अंगांना एकेक फिल्म आणि प्रत्येकीवर एक सरकतं झाकण, म्हणजे डार्क स्लाइड. एवढ्या खटाटोपातून फोटो निघणार दोन. मांजराची जांभई संपेपर्यंत फोनवर याहून जास्त निघतात.

होल्डरचं काम एकच, आत अंधार राखणं. म्हातारपणी त्याला नेमकं तेच जमत नाही. डार्क स्लाइड जिथून आत जाते तिथल्या मखमलीला टक्कल पडतं. खालची झडप कापडी पट्टीवर उघडते-मिटते. ते कापड घडीवर विरतं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि मग सांधे कुरकुरायला लागतात. उजेडाला शिरायला एवढं पुष्कळ झालं.

फट कुठे आहे हे शोधायचं तर होल्डरमध्ये फोटोचा कागद घालायचा, सगळ्या बाजूंनी ऊन दाखवायचं आणि कागद डेव्हलप करायचा. काळे पट्टे आले तर गळती. काहीच आलं नाही तर होल्डर निर्दोष. म्हणजे सगळं नीट जमलं की माझ्या हाती कोरा पांढरा कागद येतो, आणि तो मी घरभर अभिमानाने दाखवत हिंडतो.

रंगवतानाही हात आखडता लागतो. कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपासून फिल्मखालच्या पत्र्यापर्यंतची खोली 0.197 इंच हवी, इकडेतिकडे 0.007 इंच चालतं. त्या कडेवर रंगाचा जाड थर बसला की कॅमेऱ्याच्या फोकस करायच्या काचेवर डोळे रेखीव दिसतात आणि फिल्मवर नाक. खाचांत तर रंग नकोच, तिथे मेणबत्ती घासावी.

पांढरा रंग लागतो तो फक्त डार्क स्लाइडच्या मुठीला. पांढरी बाजू बाहेर असेल तर फिल्म कोरी, काळी बाहेर असेल तर फोटो काढून झालेला. वर्षानुवर्षं बोटं लागून दोन्ही बाजू सारख्याच करड्या होतात. त्याचा अर्थ बहुधा, अर्धा फोटो काढलाय.

आणि धूळ! सांधे घासताना उडालेला भुसा कितीही झटका, एखादा कण मागे राहतोच. तो फिल्मवर बसला की तेवढ्या जागी उजेड पोचत नाही. निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका, छापल्यावर काळा. परवा एका काकूंच्या हनुवटीवर असाच तीळ उगवला. मी माफी मागणार, तोच काकू म्हणाल्या, "फारच शोभतोय रे. पण मग दुसऱ्या फोटोत का नाही?"