आधी तुमचा वार, मग माझा

जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पडद्यावरच्या नायकाची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, या प्रकाराशी माझे जुने वैर आहे आणि त्याचे कारण एकच : या खेळांत मारामारीसुद्धा पाळीपाळीने करावी लागते. समोर राक्षस उभा, माझ्या हातात तलवार, आणि आम्ही दोघे रेशनच्या रांगेत असल्यासारखे आपापल्या पाळीची वाट पाहत थांबलेले. माझा वार झाला की मी मुकाट्याने मागे सरायचे, मग त्याने मारायचे, आणि तो मारत असताना बाजूला होण्याचा विचारही मनात आणायचा नाही. म्हणूनच भाच्याने ‘मामा, ज्यांना हा प्रकार आवडत नाही त्यांच्यासाठीच हा गेम आहे’ असे सांगून ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ माझ्या गळ्यात मारला, तेव्हा कारले न खाणाऱ्याच्या पानात भरली कारली वाढावीत तसे मला झाले.

कारण हा गेम त्या घराण्यातला सर्वांत सोवळा. मालिकेचा पहिला भाग १९८६ साली जपानात आला आणि मालिकेचे जनक युजी होरी यांनी तेव्हा घालून दिलेली घडी २०१७ च्या अकराव्या भागानेही फारशी मोडलेली नाही. तीच ‘मारा’, ‘पळा’ अशा आज्ञा निवडण्याची चौकट, आणि अकिरा तोरियामा यांनी रेखाटलेला तोच थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा निळा स्लाइम नावाचा राक्षस. आम्ही आणली ती नंतरची सुधारित आवृत्ती. तिचा डेमोच मुळी दहा तासांपर्यंत चालतो. चव बघा म्हणून अर्धा किलो पेढे हातावर ठेवणारा हलवाई मी आजवर पाहिलेला नव्हता.

पहिल्याच लढाईत मला आढळले की नायकाला रणांगणावर मोकळेपणाने हिंडता येते. मी हर्षभरित होऊन स्लाइमच्या पाठीमागे गेलो, चांगला दहा पावले लांब जाऊन उभा राहिलो, आणि त्याची पाळी येताच त्याने मला जिथल्या तिथे हाणले. भाच्याने शांतपणे खुलासा केला, ‘ते हिंडणे नुसते बघण्यासाठी आहे, मामा. त्याचा उपयोग काही नाही.’ निरुपयोगी येरझाऱ्या घालण्याची सोय कोणीतरी मुद्दाम, कष्ट घेऊन करून ठेवली आहे, या कल्पनेनेच मी थोडासा विरघळलो.

नायक एक शब्द बोलत नाही. सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा तो मान डोलावतो आणि सगळे जग त्यातून हवा तो अर्थ काढते. मात्र हाच मितभाषी मुलगा वाटेल त्याच्या घरात शिरून कपाटे उघडतो, मडकी उचलून आपटतो, सापडेल ते खिशात घालतो, आणि घरमालक शेजारी उभा राहून त्याच्याशी आपुलकीने बोलतो. नंतर चर्चमध्ये जाऊन पाद्र्यापुढे कबुली दिली की खेळ सेव्ह होतो, त्यामुळे मडक्यांचाही हिशेब तिथेच मिटत असावा.

एवढे मान्य केले पाहिजे की नावडत्या पाहुण्याची सोय या गेमने मनापासून पाहिली आहे. रानातून जाताना राक्षस लांबूनच दिसतात, तेव्हा उधारी थकलेल्या दुकानासमोरून जावे तसे वळसा घालून निघून जाता येते. लढाईचा वेग वाढवता येतो. सोबत्यांना ‘तुमचे तुम्ही बघा’ अशी मुभा देऊन आपण चहा टाकायला उठलो तरी ते परस्पर काम उरकतात. पण जो प्रकार मला नको आहे तो भराभर आणि माझ्या गैरहजेरीत उरकण्याची सोय, ही शिफारस मानावी की कबुली? ज्याला जपानी खेळांतली गुंतागुंतीची कथा आणि डोळ्यांवर केस ओढलेले उदास नायक खपत नाहीत, त्याने हा गेम बेलाशक घ्यावा. इथे सगळे ऐसपैस आणि हसतेखेळते आहे. ज्याला माझ्यासारखी पाळीची चीड आहे, त्याची चीड इथे जाणार नाही, आणि श्रेयनामावली सरकून गेल्यावरही पुढे बराच खेळ शिल्लक आहे हे त्याला कोणीतरी आधीच सांगायला हवे. मला कोणी सांगितले नव्हते.

हे सगळे मी भाच्याला ठणकावून सांगणार होतो, पण मध्येच मेटल स्लाइम आला. हा चकचकीत, चांदीच्या रंगाचा. अंगात जीव चिमूटभर. पण कातडे असे की तलवारीचा पूर्ण घाव बसला तरी जिवाचा एक गुण कमी होतो किंवा तोही होत नाही. मारता आला तर नायकाला बळ देणारे अनुभवाचे गुण मात्र घसघशीत. रात्री दीड वाजता मी त्याला दोन घाव घातले, तिसऱ्यात तो खात्रीने संपणार होता, आणि त्याने आपल्या पाळीला मारण्याऐवजी शांतपणे धूम ठोकली.

‘पळाला!’ मी ओरडलो.

‘कोण पळाला? आणि तुम्ही पकडायचा नाही का?’ आतून सौ. घाबरीघुबरी होऊन विचारती झाली.

‘पाळी त्याची होती,’ मी म्हणालो.