पोटरीतला उंदीर

रात्री तीनला पोटरीत गोळा आला. ज्यांना कधी आला नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांना आलाय ते आत्ताच आपली पोटरी चाचपत असतील. मी एका पायावर उभा राहून कण्हत होतो. बायकोने कूसही न बदलता विचारलं, "अहो, काय झालं?"

"पोटरीत काहीतरी पळतंय गं!"

"उंदीर असेल," म्हणाली आणि घोरायला लागली.

तिला लॅटिनचा गंधही नाही, पण बोलली ते शंभर टक्के बरोबर. आपण ज्याला मसल म्हणतो त्याचं मूळ लॅटिन मुस्कुलुस, म्हणजे चक्क उंदराचं पिल्लू. 'मुस' म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचाच भाऊबंद. दंड आवळला की कातडीखाली उंदीर सरकल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. ग्रीकांचंही तेच, त्यांच्यात उंदीर आणि स्नायू दोघांना एकच शब्द. त्यामुळे सकाळी डॉक्टरांनी कागदावर 'मायाल्जिया', म्हणजे ग्रीकमधून आलेली स्नायूदुखी, लिहिलं, तेव्हा मला तरी ते उंदीरदुखी असंच वाचता आलं. शरीरात असे सहाशेच्या वर उंदीर आहेत. एवढ्यांना मी पोसतो आणि चावायचं मात्र रात्री तीनला!

रोमनांना हसावं, तर आपण कुठे मोठे शहाणे? लहानपणी शर्टाची बाही वर सरकवून आपण दंडाची बेडकुळी काढून दाखवायचो. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. (माझ्या दंडात तेव्हाही बेडूक नव्हता. फार तर बेडकाचा शेपटीवाला शैशवकाळ.) पोटरीचं तर विचारूच नका. तिच्या स्नायूचं भारदस्त नाव गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पायाचं पोट. मराठी पोटरीतही पोट आहेच. म्हणजे पोटात उंदीर, आणि तोही पायाच्या!

स्नायू हा शब्दही सरळ नाही. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजलेत, पण तिथली पेशी म्हणजे आपला स्नायू आणि तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधणारे दोर. शाळेत हे कळलं असतं तर जीवशास्त्रात मी निदान भांडून तरी मार्क मिळवले असते.

डॉक्टरांनी उपाय सांगितला तो साधा: गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढायची. त्याच रात्री पुन्हा आला. अंधारात मी बोटं शोधत चाचपडत होतो. सापडली, जिवाच्या आकांताने ओढली, तर शेजारून किंकाळी आली. पाय तिचा होता.

"अहो, उंदीर तुमच्या पायात आहे ना?"