विझार्ड आंधळा झाला म्हणून त्याची टर्न स्किप करू नका

डीएम लोकहो (म्हणजे खेळ चालवणारे), एक तक्रार आहे आणि ती जरा लांबलचक आहे. डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर भूमिका घेऊन खेळायचा खेळ) विझार्डवर, म्हणजे जादूगारावर, कोणी ब्लाइंडनेस (आंधळं करणारा मंत्र) टाकला, सेव्ह (बचावाचा फासा) फेल गेला, की काही टेबलांवर डीएम सरळ म्हणतो "तुला दिसत नाहीये ना, मग कास्ट कसं करणार (मंत्र कसा टाकणार), चल नेक्स्ट". आणि काही टेबलांवर बरोब्बर उलटं, कसलाच फरक पडत नाही, गडी मॅपवर बोट ठेवून हवा तो गोब्लिन निवडतो आणि मजेत खेळत राहतो. मला दोन्ही पटत नाही, आणि मुळात नियम एवढे छान लिहिलेत की यातलं काहीच करायची गरज नाही.

मी २०१४ च्या ५व्या एडिशनबद्दल बोलतोय, आमच्याकडे अजून तीच चालते. ब्लाइंडेड कंडिशनमध्ये कास्टिंग बंद होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. नजर लागेल तो चेक आपोआप फेल, तुमच्या अटॅकला डिसअ‍ॅडव्हान्टेज, तुमच्यावरच्या अटॅकला अ‍ॅडव्हान्टेज, बास (अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे छोटा). मंत्राला लागतं काय तर तोंड, हात आणि झोळीतलं सामान. तोंड बंद करायचं असेल तर सायलेन्स टाका ना, हात बांधा. डोळे गेले की जातो तो नेम, आणि तोही सगळा नाही.

खरी गंमत प्रत्येक स्पेलच्या (मंत्राच्या) वर्णनात आहे. "तुला दिसणारा प्राणी" असं लिहिलंय की नाही ते बघायचं. मॅजिक मिसाइलला दिसावं लागतं, होल्ड पर्सनला लागतं, सेक्रेड फ्लेमला लागतं, काउंटरस्पेल (समोरच्याचा मंत्र मोडणारा) तर समोरचा कास्ट करताना दिसला तरच. मिस्टी स्टेपला (क्षणात दुसरीकडे नेणारा मंत्र) उतरायची जागा दिसायला हवी. पण फायरबॉलला फक्त १५० फुटांच्या आतला एक पॉइंट लागतो, तो दिसलाच पाहिजे असं नाही, मध्ये भिंत आली तर भिंतीच्या अलीकडेच फुटेल आणि मग काय ते तुमचं नशीब. थंडरवेव्ह तर स्वतःपासूनच सुरू होते. शील्डला फक्त अटॅक लागावा लागतो, आंधळा माणूसही तो टाकू शकतो. डायमेन्शन डोअरमध्ये (हाही दुसरीकडे नेणाराच) अंतर आणि दिशा सांगितली तरी चालतं, आणि जिथे उतरलात तिथे कोणी उभा असेल तर ४डी६ (सहा बाजूंचे चार फासे) डॅमेज खाऊन जागच्या जागी. म्हणजे त्या मिनिटभरात विझार्डकडे स्पेल असतात, फक्त रोजचे नसतात, आणि यादीत खाली धूळ खात पडलेले स्पेल एकदम वर येतात. ज्या प्लेयरने फक्त दिसणाऱ्याला लागणारेच स्पेल प्रिपेअर केलेत त्याचा घाम निघतो, आणि निघू दे की.

सगळ्यात भारी केस क्लेरिकची (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा). स्पिरिट गार्डियन्स (भोवती फिरून जवळच्यांना इजा करणारे आत्मे) टाकताना ज्यांना वगळायचं ते तुम्हाला दिसायला हवेत. आंधळ्या क्लेरिकने टाकला तर कोणीच वगळलं जात नाही, आणि शेजारी उभ्या आपल्याच रोगचीच (चोर कॅरेक्टरची) चामडी सोलून निघते. हीलिंग वर्डलाही दिसावं लागतं, पण क्युअर वून्ड्सला फक्त स्पर्श. म्हणजे चाचपडत जखमी दोस्तापर्यंत जायचं आणि हात ठेवायचा, यापेक्षा चांगला सीन डीएमने लिहून तरी सुचेल का.

आता मुख्य भांडण, मॅप. कॅरेक्टर आंधळं झालंय पण प्लेयरला सगळे मिनी (मॅपवरच्या छोट्या बाहुल्या) दिसतायत, आणि तो बरोब्बर असा चौकोन निवडतो की २० फूट त्रिज्येत चार ऑर्क येतात आणि आपला फायटर पाच फुटांनी वाचतो. यावर लोक होमब्रू (घरचे नियम) काढतात, डी८ (आठ बाजूंचा फासा) टाकून फायरबॉल कुठल्या दिशेला भरकटला ते ठरवायचं. मला हे आवडत नाही, कारण यात प्लेयरचा निर्णयच जातो, चूक झाली तर फाशाची आणि जमलं तरी फाशाचंच. त्यापेक्षा त्याला खुर्ची फिरवून बसायला सांगा आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं कानावर सोडा. लपलेला नाही तो आवाज करतोच, नियमातही आवाजाने जागा कळते. मग डीएमने बोलायचं: डावीकडे चाळीसेक फुटांवर साखळ्यांचा आवाज, त्याच्या अलीकडे तुमचा फायटर शिव्या घालतोय. पार्टीने (सोबतच्या टोळीने) ओरडून सांगितलं तर सांगू द्या, पण शत्रूही ऐकतोय हे लक्षात ठेवा. प्लेयर दिशा आणि अंतर सांगतो, तिथेच फुटतो, आणि ८डी६ कोणाला लागलं ते सगळ्यांना एकदमच कळतं. ऑनलाइन खेळत असाल तर टोकनची नजरच बंद करा, फाउंड्रीवर (ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर) सहज होतं.

हां, हे खूप ताणू नका. ब्लाइंडनेस एक मिनिट म्हणजे १० राउंड, प्रत्येक टर्नच्या शेवटी परत सेव्ह, आणि क्लेरिककडे लेसर रेस्टोरेशन असेल तर एका स्पर्शात विषय संपला. आणि कोणाला मुळातच अंध कॅरेक्टर खेळायचं असेल तर ही कंडिशन त्याच्या डोक्यावर कायमची ठेवू नका प्लीज, ती भर लढाईत अचानक डोळे गेलेल्या माणसासाठी आहे, आयुष्यभर तसं जगलेल्यासाठी नाही. थोडी ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय आजूबाजूचं जाणवणं) द्या, सुरुवातीला १० फूट पुरे.

शेवटचं म्हणजे हाच नियम मॉन्स्टरलाही लावा, तिथे डीएम हमखास विसरतात. बिहोल्डरचे (अनेक डोळ्यांचा मॉन्स्टर) आय रे, म्हणजे डोळ्यांतले किरण, त्याला दिसणाऱ्या टार्गेटवरच पडतात. त्याच्या मधल्या डोळ्याचा अँटीमॅजिक शंकू (जिथे जादू चालत नाही तो भाग) चुकवून बाजूने कोणी ब्लाइंडनेस टाकला आणि त्याचा सेव्ह गेला, तर तो किरण कोणावर सोडणार? चावायलाच येणार ना. मेडुसाचंही तसंच, तिची नजर तिचे डोळे दिसणाऱ्यालाच दगड करते, म्हणजे त्या लढाईत तुमचा आंधळा विझार्ड अख्ख्या पार्टीत सगळ्यात सेफ. तो थंडरवेव्ह घेऊन पुढे चालत गेला तर "असं कसं" म्हणू नका, चालत जाऊ द्या.