ओरोचीचे वाचक आणि धारपांच्या प्रती

भयकथालेखक नारायण धारपांच्या जन्माला २७ ऑगस्ट २०२५ रोजी शंभर वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं आमच्या घरच्या ग्रुपवर आणि जुन्या मित्रांत जो वाद रंगला, तो मी तोक्योत बसून वाचत होतो. वाद जुनाच आहे. एका बाजूचं म्हणणं, भयकथा म्हणजे साहित्य नव्हे; एसटीत बसून वाचायची आणि उतरताना विसरायची. दुसरी बाजू 'तुंबाड' पुढे करते. धारपांच्या 'आज्जी' या कथेपासून प्रेरणा घेतलेला हा चित्रपट २०१८ साली आला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. मग आता तरी धारपांना मोठे लेखक म्हणा, असा त्यांचा आग्रह. तिसरी बाजू माझ्या काकांची. काका निवृत्त शिक्षक, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात अनेक वर्षं घालवलेले. माझा अकरा वर्षांचा पुतण्या धारप वाचतोय हे कळल्यावर त्यांनी लिहिलं, "अरे, आम्ही गावोगाव फिरून भूत नसतं म्हणून सांगितलं, आणि तुम्ही पोरांच्या हातात हे देताय?"

तिन्ही बाजू मला जवळच्या आहेत. पण इथे राहून एका जुन्या मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) मालिकेचे वाचक मी पाहिले, आणि तेव्हापासून वाटतं की आपण या वादात महत्त्वाचं काही विचारतच नाही.

मालिकेचं नाव 'ओरोची'. काझुओ उमेझु यांची ही मालिका १९६९-७० मध्ये 'शोनेन संडे' या मुलांच्या साप्ताहिकात येत होती. जपानी भयमांगा म्हटलं की आपल्याकडची मुलं जुंजी इतोचं नाव घेतात; पुण्या-मुंबईच्या दुकानांत त्याची पुस्तकं दर्शनी भागात असतात. पण इतो पुढे आला तोच १९८७ साली उमेझुंच्या नावानं दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या स्पर्धेतून. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या या तरुण तंत्रज्ञाची कथा परीक्षकांनी उल्लेखनीय ठरवली. परीक्षकांत स्वतः उमेझु होते. इतोला मानणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत उमेझु मात्र फारसे पोचलेले नाहीत, आणि पोचले तरी 'ओरोची'च्या आधी त्यांच्या दुसऱ्या गाजलेल्या मालिकाच हाताला लागतात.

ओरोची ही एक मुलगी आहे. तिच्याकडे काही अद्भुत शक्ती आहे, तिचं वय कळत नाही. ती माणसांच्या आयुष्यात शिरते, बघत राहते, मधूनच मदत करायला जाते आणि बहुतेक वेळा तिच्या हातात फार काही नसतं. नऊ कथा आहेत आणि त्यांना जोडणारी तीच. पहिल्या कथेत ती एका मोठ्या घरात पोचते. तिथे दोन देखण्या बहिणी राहतात, आणि त्या घराण्यातल्या बायका अठरा वर्षं पूर्ण झाली की विद्रूप होत जातात. वाढदिवस जवळ येतो तसतशा एकमेकींवर जीव टाकणाऱ्या या बहिणी एकमेकींकडे कशा बघायला लागतात, एवढीच कथा. शेवट सांगत नाही. त्यात भूत कुठेही नाही. भीती आहे ती आरशाची, आणि पाठीमागच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीची.

'हुशार मुलगा' ही कथा मला सगळ्यांत जास्त लागली. मुलाच्या मानेवर लहानपणीच्या एका घावाची खूण आहे. आई त्याला अभ्यासाला बसवते, मारते, पुन्हा बसवते. पहिला नंबर, मग त्याहून मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा. तिच्या डोळ्यांत माया कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त दिसतं, आणि ते काय आहे हे कळतं तेव्हा घशाला कोरड पडते. १९६९ मध्ये जपानी घराघरांत प्रवेशपरीक्षांनी माणसं पिळून निघत होती. दहावी-बारावीच्या वर्षी टीव्ही बंद ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला या कथेतलं एक चित्रही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या एका कथेत खोटारडा म्हणून बदनाम झालेला मुलगा शेजारच्या फ्लॅटमधला गुन्हा पाहतो आणि कोणीच त्याचं ऐकत नाही. आणखी एकीत मुलाला कळतं की ज्या वडिलांना सगळे देवमाणूस मानतात, त्यांनी युद्धात ग्वाडलकनाल बेटावर उपासमारीच्या दिवसांत काय केलं असावं. युद्ध संपून पंचवीस वर्षंही झाली नव्हती, आणि हे शाळकरी मुलांच्या साप्ताहिकात छापून येत होतं.

उमेझुंची रेघही सांगायला हवी. केस काढतात तर एकेक केस वेगळा. जिन्याखालचा अंधार पूर्ण काळा न भरता आडव्या-उभ्या रेघांनी विणत नेतात, त्यामुळे डोळा त्या अंधारात काहीतरी शोधत राहतो. किंचाळी आली की सबंध पान तोंडाचं होतं. एका पानावर मी किती वेळ थांबलो होतो ते गाडीतून उतरायचं स्टेशन मागे पडल्यावर कळलं.

ही मालिका माझ्या हाती दिली ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांनी. निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतलेले, मितभाषी गृहस्थ. ते लहानपणी न्हाव्याच्या दुकानात आपला नंबर येईपर्यंत ही मालिका वाचत. घरी आणायची सोय नव्हती. त्यांच्याबरोबर मी तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलातल्या 'मांदाराके'त गेलो. जुन्या मांगांच्या या दुकानाची सुरुवात १९८० साली तिथेच एका छोट्याशा गाळ्यात झाली. तिथे जमणाऱ्या वयस्कर वाचकांचं बोलणं मी मन लावून ऐकलं. उमेझु थोर आहेत की नाहीत, हा विषयच निघाला नाही. जुन्या आवृत्तीत काळा रंग कसा दाट बसला होता आणि नंतरच्या छपाईत तो कसा करडा झाला, साप्ताहिकातली रंगीत पानं पुस्तकात कशी काळी-पांढरी झाली, कुठल्या खंडात कथांचा क्रम बदलला, यावर ते तासभर बोलले. एका बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुना खंड काढला आणि बहिणींच्या कथेतलं जिन्याचं चित्र उघडून सगळ्यांसमोर धरलं. सगळे वाकून बघत होते. एखाद्या पुस्तकावर इतकं तपशिलात प्रेम करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

मोठ्यांची मान्यता खूप उशिरा आली. १९९५ नंतर हात दुखावल्यामुळे उमेझुंनी मांगा काढणं थांबवलं होतं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात त्यांच्या दुसऱ्या एका जुन्या मालिकेला वारशाचा पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये तोक्योतल्या रोप्पोंगीला त्यांच्या नव्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, २०२३ मध्ये मांगांसाठीच्या तेझुका पुरस्कारांत विशेष सन्मान झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ८८ व्या वर्षी ते गेले. 'ओरोची'चे इंग्रजी खंड २०२२ पासून सुरेख छपाईत निघाले, त्यालाही मूळ मालिकेनंतर पन्नासहून अधिक वर्षं लागली. मधल्या काळात ती पानं कोणीतरी सांभाळली म्हणूनच हे होऊ शकलं. मला बोलायचंय ते या सांभाळणाऱ्यांविषयी.

जपानमध्ये सगळं आपोआप जपलं गेलं, असं मुळीच नाही. उमेझु आणि त्यांच्या पिढीतले कितीतरी चित्रकार आधी काशिहोन्यांसाठी काढत. काशिहोन्या म्हणजे भाड्यानं पुस्तकं देणारी गल्लीतली दुकानं. दोन-चार नाण्यांत मुलं मांगा घरी नेत. १९५५ च्या सुमारास पालकांच्या संघटनांनी 'वाईट पुस्तकं' हटवण्याची मोहीम काढली, ठिकठिकाणी मांगा गोळा करून नष्ट केले. पुढे १९५९ मध्ये मुलांची साप्ताहिकं सुरू झाली, टीव्ही आला, आणि भाड्याची दुकानं एकामागून एक बंद पडली. त्यांचा माल रद्दीत गेला. तो पुन्हा छापणार कोण?

तोशिओ नाइकी नावाच्या माणसानं १९५५ साली, अगदी तरुणपणी, असंच एक भाड्याच्या पुस्तकांचं दुकान काढलं होतं. धंदा बुडत चालला तेव्हा त्यांनी पुस्तकं विकली नाहीत. उलट इतरांनी टाकलेलीही गोळा केली आणि १९७८ मध्ये तोक्योत वासेदाजवळ फक्त मांगांचं ग्रंथालय उघडलं. थोडं शुल्क देऊन कोणीही तिथे बसून वाचू शके. त्यांचा संग्रह पुढे जवळपास एक लाख ऐंशी हजार प्रतींचा झाला आणि आता तो मेइजी विद्यापीठाकडे आहे. नाइकी २०१२ मध्ये गेले. हे वाङ्मय आहे की नाही, हे ठरेपर्यंत ते थांबले नाहीत. माझ्या लेखी जपानी मांगांच्या इतिहासात त्यांचं स्थान एखाद्या बड्या चित्रकाराइतकंच आहे.

आता घरचं. मी ठाण्यात वाढलो. आमच्या भागातल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत अनामत भरून महिन्याच्या वर्गणीवर पुस्तकं मिळायची. धारप, मतकरी, अर्नाळकर, गुरुनाथ नाईक हे सगळे मला तिथेच भेटले. खाकी कव्हर, आत तारखांचे शिक्के, कोपरे दुमडलेले, शेवटचं पान हमखास कोणीतरी फाडलेलं. ती लायब्ररी आता नाही. तिथली पुस्तकं कुठे गेली हे मी चौकशी करून पाहिलं, कोणाला सांगता आलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. आज ठरवून शोधलं तरी त्यांतली फार थोडी हाताला लागतात. धारपांचं नशीब त्या मानानं बरं, त्यांची पुस्तकं नव्यानं छापली जात आहेत. पण 'नवल' आणि 'धनंजय'च्या जुन्या दिवाळी अंकांत ज्यांनी एखाद-दोनच भयकथा लिहिल्या, त्यांचं काय? त्यांची नावंसुद्धा आपल्याला त्या अंकांतूनच कळणार.

म्हणून भयकथा साहित्य आहे की नाही, या वादात मला आता रस उरलेला नाही. पन्नास वर्षांनी जे वाचक येतील ते त्यांचं मत ठरवतील, फक्त पुस्तक त्यांच्या हातात पडायला हवं. 'तुंबाड'चा दाखला देणाऱ्या मित्रांनाही मी हेच म्हणतो. चित्रपट चालला याचा मला मनापासून आनंद झाला, पण दिग्दर्शकाला प्रेरणा मिळायची तर ती कथा आधी कुठेतरी शिल्लक असावी लागते.

काकांशी मात्र मला नीट बोलावं लागलं, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'ओरोची'त बुवा-बाबा नाहीत, मंत्र नाहीत. धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांत मात्र दुष्ट शक्तीवर सज्जनाची अलौकिक शक्ती मात करते, आणि मुलानं ते खरं मानलं तर? ज्या राज्यात दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण माझा अनुभव असा की भयकथा वाचणारं मूल भीतीशी खेळायला शिकतं. घरातली माणसं त्याच्याशी त्या गोष्टीबद्दल बोलली तर ते गोष्ट आणि वास्तव फार लवकर वेगळं करतं. भोंदूबाबाकडे जाणारी माणसं पुस्तकं वाचून जात नाहीत. आजार, कर्ज, मूल न होणं या गोष्टी त्यांना तिथे नेतात, आणि हे काकांनी मला माझ्या लहानपणी स्वतःच सांगितलं होतं. मी त्यांना 'हुशार मुलगा'ची गोष्ट फोनवर पूर्ण सांगितली. चाळीस वर्षं वर्गात काढलेला माणूस. ते म्हणाले, "ही गोष्ट पालकसभेत वाचून दाखवायला हवी होती." धारपांबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. पुतण्याचं वाचनही थांबलेलं नाही, फक्त आता प्रत्येक पुस्तक संपलं की तो या आजोबांशी, म्हणजे माझ्या काकांशी, भांडायला जातो, आणि मला ते फार आवडतं.

परदेशात राहून घरच्यांना उपदेश करणाऱ्यांचा राग येतो, तो रास्त आहे. इथला प्रकाशन व्यवसाय प्रचंड आहे, त्याच्याशी तुलना करून आपल्याला काही मिळणार नाही. पण एका बाबतीत आपण जपानच्या पुढे आहोत. त्यांची भाड्याची दुकानं जवळजवळ सगळी संपली. आपल्याकडे गावोगावची अनुदानित ग्रंथालयं, अनुदान वेळेवर न मिळताही, अजून उघडतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबईचं १८९८ पासून चालू आहे. मोडकळीला आलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करताना, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकताना, रहस्यकथा आणि भयकथांची निदान एकेक प्रत बाजूला काढून जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र ठेवायची, एवढं ठरवायला नवा कायदा लागत नाही. एक कपाट, एक वही आणि सहा महिन्यांतून एकदा ती पुस्तकं झटकणारं कोणीतरी, इतकंच लागतं.

मी डिसेंबरात ठाण्याला येतोय. पुतण्या आणि त्याचे दोन मित्र माझ्याबरोबर फिरायला तयार आहेत. ज्यांच्या माळ्यावर 'नवल', 'धनंजय' किंवा जुन्या लायब्ररीचा शिक्का असलेली रहस्यकथांची पुस्तकं पडून असतील, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला एकदा बघू द्यावीत. फाटकी असली तरी चालतील, शेवटचं पान नसलं तरी चालेल.